चालकाला गाडी कळते म्हणजे काय? शर्यतीतील चालकाच्या तांत्रिक ज्ञानाचा आढावा

मोटार शर्यतीतील चालकाचे भांडवल म्हणजे धाडस, चपळाई आणि वेगाची ओढ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही तिन्ही आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु राष्ट्रीय पातळीवरच्या शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर उभ्या राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक चालकाकडे ती असतात, आणि जे सर्वांकडेच असते त्यावरून कोण पुढे आणि कोण मागे हे ठरू शकत नाही. तेथे फरक पडतो तो टायर, ब्रेक, स्प्रिंग आणि इंधन यांचे वर्तन चालकाला किती समजते, ते धावत्या गाडीत किती अचूक जाणवते आणि जे जाणवले ते गाडी थांबल्यावर अभियंत्याला उपयोगी पडेल अशा रीतीने सांगता येते की नाही, या तीन गोष्टींमुळे. या तिन्हींपैकी शेवटची सर्वांत दुर्मीळ असून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातून या प्रश्नाकडे पाहण्याला विशेष कारण आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईसारखा किंवा कोइमतूरच्या करी स्पीडवेसारखा शर्यतीचा ट्रॅक नगरजवळ नाही. परंतु गाडीला तिच्या मर्यादेपर्यंत नेऊन तिच्याविषयी काटेकोर निवेदन करण्याचे काम या शहराच्या परिसरात अनेक दशके चालत आले आहे. फाळणीनंतर चकलाला येथून नगरला आलेली आणि आज संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या छत्राखाली असलेली वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘व्हीआरडीई’, ही देशातील जुन्या वाहन-चाचणी संस्थांपैकी एक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमात नव्या वाहनाचा नमुना कोणत्या संस्थांकडून तपासून घ्यावा याची जी यादी आहे, तिच्यात पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेबरोबर नगरच्या या संस्थेचेही नाव आहे. शिवाय १९४८ पासून नगरला चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला आहे, आणि दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या लुनाने महाराष्ट्रातील एका पिढीला दुचाकी चालवायला शिकवले. वाहन चालवणे आणि वाहन समजून घेणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात असा हा परिसर आहे.

चाचणी चालक आणि शर्यतीतील चालक यांचे उद्दिष्ट वेगळे असले तरी दोघांच्या कामाचा पाया एकच आहे, आणि तो पाया म्हणजे पुनरावृत्ती. ब्रेकची चाचणी घेताना चालकाने ठरलेल्या वेगाला, ठरलेल्या ठिकाणी आणि ठरलेल्या जोराने ब्रेक दाबला नाही, तर दहा वेळा घेतलेल्या मोजमापांतून काहीही निष्पन्न होत नाही. कारण गाडीत केलेल्या बदलाचा परिणाम कोणता आणि चालकाच्या पायाचा परिणाम कोणता, हे वेगळे काढताच येत नाही. शर्यतीच्या सरावातही नेमके हेच घडते. एका फेरीत अतिशय वेगवान आणि दुसऱ्या फेरीत दीड सेकंद मागे असणारा चालक प्रेक्षकांना आवडतो, पण अभियंत्याच्या उपयोगाचा नसतो. उलट सलग दहा फेऱ्या एक-दोन दशांश सेकंदांच्या फरकाने पूर्ण करणाऱ्या चालकाच्या गाडीत मागची स्प्रिंग बदलली, की तिचा परिणाम घड्याळावर स्पष्ट दिसतो. वेग वाढवण्यापूर्वी वेग स्थिर ठेवायला शिकणे हा या विद्येचा पहिला धडा होय.

दुसरा धडा टायरचा असून या साऱ्या विषयात त्याइतके समृद्ध प्रकरण दुसरे नाही. गाडीचा रस्त्याशी असलेला एकमेव संबंध म्हणजे चार टायरांचे तळहाताएवढे चार ठसे, आणि गाडी थांबते, वळते किंवा वेग घेते ती या ठशांवर निर्माण होणाऱ्या घर्षणाच्या बळावर. सपाट वळणावर जास्तीत जास्त किती वेगाने जाता येईल हे घर्षणाचा गुणांक आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरते. वळणाची त्रिज्या ५० मीटर आणि कोरड्या डांबरावरचा गुणांक ०.९ धरला, तर ही मर्यादा सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७६ किलोमीटर येते. तोच रस्ता पावसाने भिजून गुणांक ०.५ वर उतरला, की मर्यादा ताशी ५६ किलोमीटरांवर येते. या गणितात गाडीचे वजन किंवा इंजिनाची ताकद कोठेच येत नाही, ही गोष्ट नवशिक्याला चमत्कारिक वाटते. हवेच्या दाबाने खाली दाबल्या जाणाऱ्या शर्यतीच्या खास गाड्या सोडल्या, तर वळणावर निकाल देणारा घटक टायरच असतो.

टायरकडे असलेली ही पकड मर्यादित असून ब्रेक लावणे, वळणे आणि वेग घेणे या तिन्ही कामांना ती वाटून द्यावी लागते. अभियंते ही कल्पना घर्षण-वर्तुळाच्या रूपाने मांडतात: वर्तुळाचा परिघ ही एकूण पकडीची सीमा, आणि चालकाने मागितलेले एकत्रित बल त्या परिघाच्या आत असले पाहिजे. सारी पकड ब्रेकसाठी खर्च होत असताना स्टिअरिंग वळवले, तर गाडी वळत नाही, सरळ पुढे घसरते. म्हणूनच कुशल चालक वळणात शिरताना ब्रेकवरचा पाय एकदम उचलत नाही; स्टिअरिंग जसजसे वळत जाते तसतसा ब्रेकवरचा दाब हळूहळू कमी करत नेतो. ‘ट्रेल ब्रेकिंग’ म्हणून ओळखली जाणारी ही क्रिया पाहणाऱ्याला दिसतही नाही, परंतु परिघाच्या अगदी कडेने चालण्याचे हे कसब साधायला अनेकांची वर्षे जातात.

यातच वजनाच्या स्थलांतराचा विचार येतो. हजार किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या तीव्रतेने ब्रेक लावल्यावर मागच्या चाकांवरचा सुमारे २०० किलोंचा भार पुढच्या चाकांवर जातो. त्या क्षणी पुढचे टायर जड व पकडीला घट्ट, तर मागचे हलके आणि निसटायला तयार असतात. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडणाऱ्या चालकाची गाडी मागून फेकली जाते ती याच कारणाने. ज्या प्रतिक्रियेला सामान्य माणूस सावधगिरी समजतो, तीच अपघाताचे निमित्त होते. पुढचे टायर आधी घसरून गाडी वळणाच्या बाहेर सरकू लागली तर त्याला ‘अंडरस्टिअर’ आणि मागचे टायर आधी सुटून गाडी स्वतःभोवती फिरू पाहू लागली तर त्याला ‘ओव्हरस्टिअर’ म्हणतात. दोन्हींवरचे उपाय परस्परविरुद्ध असल्यामुळे, काय घडते आहे हे ओळखण्यात चूक झाली की उपायच घातक ठरतो.

टायरमधील हवेचाही विचार करावा लागतो, आणि नगरसारख्या उन्हाच्या प्रदेशात तो विशेष महत्त्वाचा ठरतो. सकाळी २५ अंश तापमानाला २६ पौंड हवा भरलेला टायर धावताना आतून ९० अंशांपर्यंत तापला, तर वायूच्या साध्या नियमानुसार त्यातील दाब सुमारे ३५ पौंडांपर्यंत चढतो. दाब गरजेपेक्षा वाढला की टायरचा मध्यभागच रस्त्याला टेकतो आणि पकड कमी होते. त्यामुळे थंड टायरमध्ये किती हवा भरायची हे, काही फेऱ्यांनंतर ती किती व्हायला हवी याचा अंदाज घेऊन उलट दिशेने ठरवतात, आणि मे महिन्यातल्या दुपारच्या व डिसेंबरातल्या सकाळच्या शर्यतीसाठी हा आकडा एक असू शकत नाही. नगरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच असल्याने येथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी असतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. चेन्नईच्या किनारी हवेत निश्चित केलेल्या नोंदी पठारावर जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हे चालकाला ठाऊक नसले तर तो निष्कारण इंजिनाला दोष देत बसतो.

ब्रेकचे ज्ञान या जिल्ह्यातील मालमोटारचालकांना पुस्तकाविना अवगत आहे. पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट किंवा संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे. आणि त्यामागचे शास्त्र शर्यतीच्या मैदानावरही तेच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी १०० किलोमीटरांवरून थांबायला उत्तम टायरांच्या गाडीला सुमारे ४० मीटर लागत असतील, तर २०० किलोमीटरांवरून सुमारे १६० मीटर लागतात. हजार किलोची गाडी ताशी २०० वरून पूर्ण थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते, ती पाच लिटर साध्या पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. आणि शर्यतीत हे दर फेरीला अनेकदा घडते. ‘डॉट ४’ प्रतीच्या नव्या ब्रेक-तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, परंतु हवेतील ओलावा शोषलेल्या तेलाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीपर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही. पेडल एरवीपेक्षा थोडे खोल जाऊ लागले आहे, हे दोन फेऱ्या आधी लक्षात येणे आणि त्याप्रमाणे ब्रेक लवकर व हलका लावू लागणे, हे शर्यत पूर्ण करणाऱ्या चालकाचे लक्षण आहे.

आता या आढाव्याच्या मध्यवर्ती प्रश्नाकडे, म्हणजे जाणवलेले सांगण्याकडे, वळणे योग्य होईल. गॅरेजमध्ये गाडी आणणारा गिऱ्हाईक ‘गाडी डावीकडे ओढते’ एवढेच सांगतो आणि उरलेले मेकॅनिकने शोधून काढायचे असते. चाचणी चालकाकडून किंवा शर्यतीतील चालकाकडून अपेक्षित असलेले निवेदन याहून फार निराळे असते: गाडी कोणत्या वेगाला ओढते, ब्रेक लावल्यावरच की मोकळी धावतानाही, टायर थंड असताना की तापल्यानंतर, स्टिअरिंगमध्ये आधी कंप जाणवतो की आधी दिशा बदलते. ब्रेक लावल्यावरच ओढत असेल तर संशय कॅलिपरवर, म्हणजे चाकावर ब्रेक दाबणाऱ्या भागावर, जातो; मोकळी धावतानाही ओढत असेल तर चाकांच्या जुळणीवर किंवा हवेच्या असमान दाबावर. प्रत्येक उत्तरागणिक कारणांची यादी लहान होत जाते. शर्यतीत वळणाचेही असेच तीन भाग पाडून सांगावे लागते: शिरताना, मध्यावर आणि बाहेर पडताना. ‘गाडी वळत नाही’ या वाक्यावरून अभियंता काहीच करू शकत नाही. पण ‘ब्रेक सोडल्यावर, ॲक्सिलरेटर देण्यापूर्वी, फक्त लांब उजव्या वळणांत पुढची बाजू बाहेर सरकते’ असे सांगितले, की पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडून गाडीचे कलणे रोखणारी दांडी, थोडी नरम करावी की पुढच्या चाकांचा कलता कोन बदलावा, याचा विचार सुरू करता येतो.

चालक आणि अभियंता हे दोन्ही गुण एकाच व्यक्तीत आले तर काय घडते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेचा मार्क डोनाह्यू हे आहे. यंत्र अभियांत्रिकीचा हा पदवीधर मोठ्या वर्तुळावर गाडी सतत फिरवून, दर बदलानंतर फेरीची वेळ मोजून गाडीचे संतुलन ठरवत असे. १९७२ ची इंडियानापोलिस ५०० त्याने जिंकली आणि पुढच्या वर्षी ज्या पोर्शे ९१७/३० गाडीच्या विकासात त्याचा मोठा वाटा होता, त्याच गाडीने कॅन-ॲम मालिकेचे विजेतेपद मिळवले. वर्तुळाची ही चाचणी आज विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेतही असते. तेथील सुमारे सहा सेकंदांच्या एका फेरीत दशांश सेकंदाचा फरक म्हणजे पकडीत तीन टक्क्यांहून थोडा अधिक फरक, इतकी ती संवेदनशील असते. आणि तिच्यासाठी लागते काय, तर सपाट डांबराचा एक मोकळा तुकडा, चार शंकू आणि घड्याळ.

हल्ली गाडीतील संवेदक वेग, ब्रेकचा दाब, ॲक्सिलरेटरची स्थिती, स्टिअरिंगचा कोन आणि बाजूचे त्वरण यांची क्षणाक्षणाची नोंद ठेवतात, आणि दोन फेऱ्यांचे आलेख एकावर एक ठेवून वेळ कोठे गेला हे पाहता येते. त्यामुळे चालकाच्या निवेदनाची गरज संपली असे काहींना वाटते. ते बरोबर नाही. आलेखावरून चालकाने स्टिअरिंग दुरुस्त केले एवढे दिसते. ते गाडी सुटल्यामुळे केले की सुटेल या भीतीने केले, हे चालकच सांगू शकतो. मात्र आलेख वाचता न येणारा चालक आता मागे पडतो, हेही तितकेच खरे आहे.

रॅलीमध्ये ज्ञानाचे स्वरूप पालटते. तेथे एकच वळण शेकडो वेळा घेण्याची सोय नसते. रस्ता आधी संथ वेगाने पाहून प्रत्येक वळणाची तीव्रता, लांबी आणि धोका यांच्या सांकेतिक टिपा लिहून काढाव्या लागतात, आणि शर्यतीत सहचालक त्या वाचत असतो. नाशिकच्या परिसरात होत आलेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रमध्ये मुरमाड, दगडी रस्त्यांवर ही परीक्षा होते. चालकाने स्वतः चुकीची लिहून घेतलेली टीप त्यालाच दरीत नेऊ शकते. म्हणून टिपा लिहिणे हे रॅलीचालकाचे पहिले कौशल्य मानले जाते. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ मध्ये ज्या डाकार क्लासिकमध्ये भाग घेतला, तिच्यात तर जुन्या गाड्या नेमून दिलेल्या सरासरी वेगाने, दिशाशोधन करत चालवायच्या असतात आणि वेळेआधी पोहोचणाऱ्यालाही दंडाचे गुण मिळतात. घड्याळ, अंतरमापक आणि नकाशा यांचा मेळ घालण्याची ही विद्या वाळवंटात गाडी चालवण्याइतकीच कठीण आहे.

इंधन आणि ऊर्जा यांचा हिशेब हाही या ज्ञानाचा भाग झाला आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादच्या रस्त्यांवर झालेली विद्युत गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत जाँ-एरिक व्हर्न याने जिंकली, ती अखेरच्या फेऱ्यांत बॅटरीतील उरलेली ऊर्जा जपत, मागच्या गाडीला वाट न देता. सरळ रस्त्याच्या शेवटी ॲक्सिलरेटर थोडा आधी सोडून गाडी स्वतःच्या गतीने जाऊ द्यायची आणि ब्रेक लावताना ऊर्जा परत मिळवायची, हे तेथील नित्याचे तंत्र आहे.

शरीराकडे दुर्लक्ष करून हे सारे साधत नाही. अग्निरोधक कपड्यांचे थर, बंद शिरस्त्राण आणि इंजिनाची धग यांमुळे चालकाचे दोन-तीन किलो वजन घामावाटे घटू शकते, आणि निर्जलीकरणाचा पहिला परिणाम निर्णयशक्तीवर होतो. फॉर्म्युला वनच्या २०२३ मधील कतार ग्रां प्रीत उष्म्यामुळे एका चालकाला शर्यत सोडावी लागली. पुढे २०२५ च्या हंगामापासून अतिउष्ण हवामानात चालकासाठी शीतन-यंत्रणा बसवण्याचा नियम आला. मराठवाड्याला लागून असलेल्या नगरच्या पूर्व तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत शेतात राबणाऱ्या माणसाला जे ज्ञान परंपरेने आहे, म्हणजे तहान लागण्याआधी पाणी पिणे आणि पाण्याबरोबर मीठ घेणे, ते चालकाला शिकवावे लागते.

नियमांचे ज्ञान कोरडे वाटते, पण त्याशिवाय ट्रॅकवर पाऊल ठेवता येत नाही. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका व ओलांडण्यास मनाई, निळा म्हणजे मागून एका फेरीने पुढे असलेली गाडी येत आहे, लाल म्हणजे शर्यत थांबवली. भारतात फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना घ्यावा लागतो, तर फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्ससाठी खालच्या मालिकांत मिळवलेल्या गुणांबरोबर नियमांच्या ज्ञानाची परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते.

महाराष्ट्रात हे शिकण्याच्या वाटा थोड्या आहेत आणि त्या बहुतेक कार्टिंगमधून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींमधून, जातात. कोल्हापूरला मोहिते कुटुंबाने उभारलेल्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि त्याच शहराचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेपर्यंत पोहोचला. पुण्याच्या डायना पंडोल यांनी २०२४ मध्ये सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. भारतात हे यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मात्र कार्टला स्प्रिंग नसतात आणि तिच्यात समायोजनाला वाव कमी असतो. त्यामुळे कार्टमधून थेट मोठ्या गाडीत आलेल्या मुलांना वेग असतो पण गाडीविषयी बोलण्याची सवय नसते. खर्चाचे कारण सांगून सरावाचे दिवस कमी ठेवले जातात, आणि जे दिवस मिळतात ते वेगवान फेरी काढण्यात खर्च होतात. एका दिवशी एकच बदल करून त्याचा परिणाम लिहून काढण्याचा अभ्यास क्वचितच होतो. ही उणीव पैशाची कमी आणि पद्धतीची जास्त आहे.

नगर जिल्ह्याला या बाबतीत वेगळे स्थान मिळू शकते. लोणीचे प्रवरा, कोपरगावचे संजीवनी आणि संगमनेरचे अमृतवाहिनी या अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकवले जाते. शहरात आणि सुप्याला वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. चाचणीच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालेली माणसे याच शहरात राहतात. संरक्षण खात्याचे मैदान सर्वांना खुले असणे शक्य नाही, ते योग्यही नाही. परंतु वर्तुळाच्या चाचणीला महाविद्यालयाचे वाहनतळही पुरते. विद्यार्थ्यांनी बनवलेली गाडी तेथे फिरवणाऱ्या मुलाने किंवा मुलीने प्रत्येक फेरीनंतर, आलेख पाहण्यापूर्वी, गाडीने काय केले हे शिरताना-मध्यावर-बाहेर पडताना या क्रमाने वहीत लिहावे, नंतर नोंदी ताडून पाहाव्यात, आणि शेजारी बसलेल्या निवृत्त चाचणी चालकाने ‘कोणत्या वेगाला? टायर किती तापले होते?’ असे विचारत राहावे. शर्यतीतील चालकाच्या शिक्षणाचा जो भाग आज मोठ्या पैशांनीही सहज मिळत नाही, तो नगरमध्ये एवढ्या साधनांवर सुरू होऊ शकतो.